माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या संगम पुलावर उभं राहून कुणाला जुन्या इंग्रज रेसिडेन्सीची गोष्ट सांगायला घेतली, की ठरावीक प्रश्न येतातच. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन म्हणजे पेशवाई बुडाली तेव्हाचा पुण्यातला रेसिडेंट, ईस्ट इंडिया कंपनीचा दरबारातला वकील, आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर. 'तो स्टेशनवाला एल्फिन्स्टन ना?' हा पहिला प्रश्न आणि 'माणूस चांगला होता की वाईट?' हा बहुधा शेवटचा. तेच प्रश्न आणि मला सुचतात ती उत्तरं इथे एका जागी ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, पण पेशवाई काही दोन ओळींत बुडालेली नाही.

एल्फिन्स्टन रोड स्टेशन याच्याच नावाचं होतं ना?

नाही. ते पुतण्याच्या नावाचं. जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन, हा १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर होता, म्हणजे सत्तावनच्या धामधुमीत मुंबई सांभाळणारा तो हा. २०१८ साली त्या स्टेशनचं प्रभादेवी झालं. आजचं हॉर्निमन सर्कल पूर्वी एल्फिन्स्टन सर्कल होतं, तेही पुतण्याचंच. एल्फिन्स्टन कॉलेज मात्र काकाचं.

काका म्हणजे आपला माउंटस्टुअर्ट. 'लॉर्ड' हा किताब त्याला कधीच नव्हता, कारण तो चौथा मुलगा. तरी मराठीत सर्रास 'लॉर्ड एल्फिन्स्टन' लिहून दोघांची खिचडी केली जाते. तिसरा एक एल्फिन्स्टन आहे, जनरल विल्यम, काबूलमध्ये अख्खी फौज गमावणारा. तो माउंटस्टुअर्टचा सख्खा चुलतभाऊ. त्याची पाळी पुढे येईल.

घराणं कसलं होतं? खूप श्रीमंत?

घराणं स्कॉटलंडच्या उमरावांचं. जन्म ६ ऑक्टोबर १७७९ चा, बाप अकरावा लॉर्ड एल्फिन्स्टन. नाव मोठं होतं, पण तिकडच्या वहिवाटीप्रमाणे किताब आणि इस्टेट थोरल्याकडे जाते. धाकट्यांनी सैन्य, आरमार, चर्च नाहीतर ईस्ट इंडिया कंपनी यांपैकी एक वाट धरायची. आपल्याकडे वतनाचे तुकडे पडत पडत भावकीच्या वाट्याला एकेक वावर येतं. त्यांच्याकडे तुकडे पडत नाहीत, भाऊच बाहेर पडतात.

जमेची बाजू म्हणजे वशिला. एक चुलता विल्यम फुलर्टन एल्फिन्स्टन, कंपनीचा डायरेक्टर. त्याने पुतण्याला बंगालच्या मुलकी नोकरीत चिकटवलं. दुसरा चुलता आरमारातला अॅडमिरल, पुढे लॉर्ड कीथ झालेला. १८१५ साली शरण आलेल्या नेपोलियनला सेंट हेलेनाला धाडण्याची कामगिरी याच कीथच्या वाट्याला आली होती. कंपनीची नोकरी तेव्हा परीक्षेवर मिळत नसे. डायरेक्टरांना नेमणुका करण्याचा हक्क असे आणि तो हक्क भाचे-पुतण्यांवर खर्ची पडे.

लहानपणी कसा होता?

व्रात्य. बाप एडिंबराच्या किल्ल्याचा अधिकारी होता आणि किल्ल्यात फ्रेंच कैदी असत. पोरगं त्यांच्यात जाऊन बसायचं, केस वाढवायचं आणि फ्रेंच क्रांतीची गाणी गात हिंडायचं. अकराव्या लॉर्डच्या घरात राजाला मारणाऱ्यांची गाणी! शाळेत चमक अशी काही नव्हती. १७९६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, कलकत्त्याला उतरला तेव्हा शिक्षण बेताचंच झालेलं होतं. पुढे ज्या विद्वत्तेसाठी तो नावाजला गेला, ग्रीक नाटकं, फारसी काव्य, इतिहास, ती त्याने भारतात तंबूत आणि बंगल्यात बसून, पहाटे उठून मिळवली.

बनारसला मरता मरता वाचला म्हणतात, ते काय?

जानेवारी १७९९. अवधच्या गादीवरून कंपनीने उतरवलेला वजीर अली बनारसला राहत होता. त्याला तिथून कलकत्त्याकडे हलवायचं ठरलं. एके सकाळी तो रेसिडेंट चेरीकडे न्याहारीला गेला आणि तिथेच चेरीला कापून काढलं. मग जमाव मॅजिस्ट्रेट डेव्हिसच्या बंगल्याकडे वळला. डेव्हिस गच्चीकडे जाणाऱ्या अरुंद जिन्याच्या तोंडाशी भाला घेऊन उभा राहिला आणि मदत येईपर्यंत त्याने कुणाला वर येऊ दिलं नाही. एल्फिन्स्टन या डेव्हिसचाच मदतनीस. पाठलागावर स्वार असताना तो घोडा फेकत निसटला. एकोणीस वर्षांचं वय, आणि रेसिडेंटची नोकरी म्हणजे काय प्रकरण असतं याचा हा पहिला धडा.

रेसिडेंट म्हणजे नक्की कोण? राजदूत की हेर?

हा सगळ्यात कामाचा प्रश्न. कागदोपत्री तो वकील. जसे पेशव्यांचे वकील निजामाकडे, शिंद्यांचे वकील पुण्यात, तसाच कंपनीचा वकील पेशव्यांच्या दरबारी. पुण्यात १७८६ पासून मॅलेट होता, त्याच्यानंतर पामर, मग बॅरी क्लोज. संगमावर बंगला, बाग, दिमतीला शिपाई, दरबारात मानाची जागा.

पण ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने चित्र पालटलं. हडपसरला यशवंतराव होळकरांकडून मार खाऊन पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची तैनाती फौज पदरी घेतली, तिच्या खर्चाला मुलूख तोडून दिला आणि कंपनीला विचारल्याशिवाय कुठल्या दरबाराशी बोलणी करायची नाहीत हे कबूल केलं. ज्या वकिलाच्या मागे पाच-सहा पलटणी उभ्या असतात आणि ज्याला विचारल्याशिवाय धनी दुसऱ्याला पत्र पाठवू शकत नाही, त्याला वकील म्हणायचं की कारभारी, हे ज्याचं त्याने ठरवावं.

एल्फिन्स्टन १८०२ मध्ये क्लोजचा मदतनीस म्हणून प्रथम पुण्यात आला आणि १८११ पासून स्वतः रेसिडेंट झाला. कामाचा मुख्य भाग बातमी. पेशव्यांच्या वाड्यात कोण आलं, कोण गेलं, कुठे घोडे खरेदी होताहेत, कुठल्या किल्ल्यावर दाणागोटा चढतोय, कोणाचा जासूद रात्री नागपूरच्या वाटेला लागला. हे टिपायला त्याच्याकडे माणसं होती. बाळाजीपंत नातू हे त्यांतलं सर्वांना ठाऊक असलेलं नाव.

आधी क्लोजच्या काळात दरबार आणि रेसिडेन्सी यांच्यामधला सगळा व्यवहार खुश्रूशेट मोदी या पारशी गृहस्थामार्फत चाले. नारायण पेठेतला मोदी गणपती ज्यांच्या बागेवरून ओळखला जातो, ते हे. मोदींनी रेसिडेन्सीची चाकरी करता करता पेशव्यांकडूनही कर्नाटकची सरसुभेदारी मिळवली. एल्फिन्स्टनने येऊन सांगितलं, दोन डगरींवर हात चालणार नाही, एक काय ते धरा. आणि मध्यस्थ बाजूला सारून तो पेशव्याशी थेट बोलू लागला. १८१५ मध्ये मोदी विषाने गेले. कोणी दिलं की स्वतःच घेतलं, याचा वाद पुण्यात नंतरही पुष्कळ दिवस चालू होता.

मुत्सद्दी होता तर आसईच्या लढाईत काय करत होता?

शिंदे-भोसल्यांशी लढणारा इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली, त्याचा राजकीय मदतनीस माल्कम आजारी पडला म्हणून त्याच्या जागी चोविशीतला एल्फिन्स्टन गेला. २३ सप्टेंबर १८०३ ला आसई, नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड, तिन्ही ठिकाणी तो वेलस्लीच्या बरोबरीने घोड्यावर होता. तू शिपाईच व्हायला हवा होतास, असं वेलस्ली त्याला म्हणाला. पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्याचं हे प्रशस्तिपत्र. लगेच १८०४ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे रेसिडेंट म्हणून नेमणूक झाली. तिथली वर्षं त्याने शिकार आणि ग्रीक यांत घालवली. फारसं काही घडलं नाही.

काबूलला गेला होता का?

काबूलवर जाडजूड पुस्तक लिहिलं, पण काबूल पाहिलं नाही.

गोष्ट अशी. नेपोलियन आणि रशियाचा झार यांची १८०७ मध्ये दोस्ती झाली आणि फ्रेंच इराणातून हिंदुस्थानावर उतरतील या भयाने कलकत्त्याची झोप उडाली. म्हणून काबूलचा राजा शहा शुजा याच्याशी तह करायला ऑक्टोबर १८०८ मध्ये दिल्लीहून एल्फिन्स्टनचा लवाजमा निघाला. बिकानेरचं वाळवंट, बहावलपूर, मुलतान अशी वाट. त्या रखरखाटात पाण्याचा टिपूस मिळत नाही, पण वाळूत कलिंगडं मात्र रग्गड पिकतात याचं त्याला मोठं आश्चर्य वाटलं आणि ते त्याने नोंदवून ठेवलं. फेब्रुवारी १८०९ मध्ये तो पेशावरला पोचला. शहा शुजाचा दरबार तेव्हा तिथे होता.

पहिल्या भेटीचं त्याने केलेलं वर्णन वाचावं असं आहे. सिंहासनावरचा शहा दुरून पाहिला तेव्हा त्याने रत्नांचं चिलखत घातलंय असं वाटलं. जवळून पाहिलं तर हिरवा अंगरखा, त्यावर सोन्याची आणि रत्नांची मोठमोठी फुलं, छातीवर हिऱ्यांचं काम, आणि दंडावरच्या एका कड्यात कोहिनूर. हे चिलखत फार दिवस टिकायचं नव्हतं. फ्रेंच आणि इराणी आले तर मिळून लढायचं असा तह झाला, १७ जून १८०९ ला कलकत्त्यात त्यावर शिक्कामोर्तब झालं, आणि त्याच सुमारास शुजाचा भाऊ महमूद याने शुजाला हुसकून लावलं. ज्याच्याशी तह केला त्याचं राज्यच राहिलं नाही.

हाताला लागलं ते पुस्तक. पेशावरच्या मुक्कामात आणि वाटेत भेटेल त्याला विचारून टोळ्या, जमीन, चालीरीती, रस्ते, फळफळावळ यांची माहिती त्याने गोळा केली, ती १८१५ मध्ये छापून निघाली. त्यातला एक म्हातारा पठाण माझ्या फार आवडीचा आहे. एकछत्री राज्य आलं तर तुमची भांडणं मिटतील, सुखाने राहाल, असं त्याला समजावल्यावर तो म्हणाला, भांडणं चालतील, धास्ती चालेल, रक्तही चालेल, धनी मात्र कधीच चालायचा नाही.

गंगाधरशास्त्र्यांच्या खुनाचं प्रकरण काय होतं? एल्फिन्स्टनने ते मुद्दाम पेटवलं का?

पेटवलं नाही. पेटलेलं मात्र विझू दिलं नाही.

बडोद्याच्या गायकवाडांकडे पेशव्यांची जुनी बाकी होती, शिवाय अहमदाबादच्या इजाऱ्याचा, म्हणजे वसुलीच्या मक्त्याचा, वाद. हिशेब मिटवायला गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धन १८१४ मध्ये पुण्यात आले, ते कंपनीच्या हमीवर. बोलणी लांबली. मधे तर पेशव्याने शास्त्र्यांच्या मुलाला आपली मेहुणी देऊ केली, नाशिकला लग्न करायचं ठरलं, मग शास्त्र्यांनी पाय मागे घेतला. पेशव्याला तो अपमान बोचला. जुलै १८१५ मध्ये आषाढीच्या यात्रेला पेशवा पंढरपूरला गेला, शास्त्र्यांनाही बरोबर नेलं. पेशव्याच्या खास मर्जीतल्या त्र्यंबकजी डेंगळ्याच्या आग्रहावरून शास्त्री रात्री देवळात गेले आणि परत येताना वाटेत मारेकऱ्यांनी त्यांना गाठलं.

एल्फिन्स्टन त्या वेळी कुठे होता? वेरूळची लेणी पाहत होता. बातमी कळताच परतला, चौकशीच्या मागे लागला आणि थेट त्र्यंबकजीचं नाव घेतलं. त्याला स्वतःला पेशव्याचाही संशय होताच. तरी आरोप त्र्यंबकजीवर ठेवला, म्हणजे पेशव्याला अंग काढून घ्यायला वाट राहते, आणि आपला सगळ्यात जवळचा माणूस स्वतःच्या हाताने परक्याच्या ताब्यात द्यावा लागला की त्याचा कणा आपोआप मोडतो. सप्टेंबरात त्र्यंबकजी इंग्रजांकडे आला. एल्फिन्स्टनची कारागिरी मला सर्वांत जास्त इथे दिसते, खडकीपेक्षाही. गोळी न झाडता त्याने बाजीरावाला त्याच्याच लोकांत नामोहरम केलं.

याच्या आधीचा असाच एक डाव लोक विसरतात. १८१२ साली त्याने दक्षिणेतले जहागीरदार, मुख्यतः पटवर्धन, आणि पेशवा यांच्यात पंढरपूरला तडजोड घडवली. पेशव्याची चाकरी करा, जहागिरीला हात लागणार नाही, हमी कंपनीची. वरवर पाहता पेशव्याला सरदार परत मिळाले. प्रत्यक्षात सरदारांना कळलं की वतन राखणारा धनी संगमावर राहतो.

त्र्यंबकजी ठाण्याच्या तुरुंगातून पळाला तो गाण्यामुळे, हे खरं की दंतकथा?

खरंच. आणि त्यात इंग्रजांच्या शहाणपणाचीच फजिती आहे. देशी शिपाई फितूर होतील म्हणून ठाण्याच्या किल्ल्यात पहारा सगळा गोऱ्यांचा ठेवला. मग एक मोतद्दार साहेबाचा घोडा टहलवत कोठडीच्या खिडकीखालून रोज गाणी म्हणत जाऊ लागला. गाण्यातच घोडे कुठे उभे आहेत, माणसं कुठे दबा धरून आहेत हे सांगितलेलं. पहारेकऱ्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. सप्टेंबर १८१६ च्या एका पावसाळी रात्री त्र्यंबकजी भिंतीला भोक पाडून पसार झाला. पुढे बिशप हेबरने ते गाणं इंग्रजी पद्यात नेलं.

यानंतर एल्फिन्स्टनने पेशव्याला मोकळा श्वास घेऊ दिला नाही. त्र्यंबकजीला हजर करा, तोवर सिंहगड, पुरंदर, रायगड तारण द्या. १३ जून १८१७ च्या तहात बाजीरावाने मराठेशाहीचं पुढारपण सोडलं आणि इतर दरबारांतले वकील मागे घेतले. शाहू महाराजांच्या काळापासून चालत आलेली पेशवेपदाची मातबरी कागदावर तिथेच संपली.

५ नोव्हेंबर १८१७ ला नेमकं काय घडलं?

पुण्यात महिनाभर धुसफूस चालू होती. १४ ऑक्टोबरला दोघांची शेवटची भेट झाली. १९ तारखेच्या दसऱ्याला पेशव्याच्या स्वारांनी सलामीच्या निमित्ताने इंग्रजांच्या रांगेवर घोडे घातल्यासारखे उधळले, म्हणजे पुढे काय होणार ते सगळ्या शहराला दिसलं. मुंबईहून गोरी पलटण ३० ऑक्टोबरला आली. तिला घेऊन एल्फिन्स्टनने फौज गारपिराच्या छावणीतून खडकीला हलवली. स्वतः मात्र संगमावरच राहिला. आधी बंगला सोडला तर भांडण आपण काढलं असं दिसेल, हा हिशेब.

पाच तारखेला दुपारी पेशव्याकडून अटी घेऊन माणूस आला. गोरी पलटण परत पाठवा, छावणी सांगू तिथे हलवा. नकार गेला. थोड्याच वेळात पेशव्याची फौज येताना दिसली आणि एल्फिन्स्टन बरोबरच्या मंडळींसह नदी उतरून पलीकडच्या काठाने खडकीकडे निघाला. मागे वळून पाहिलं तर बंगल्यातून धूर. पुस्तकं, हस्तलिखितं, वर्षानुवर्षांची टिपणं, सगळं गेलं. अंगावरच्या कपड्यांनिशी माणूस रणांगणावर पोचला.

तिथे इंग्रज फौजेचा सेनापती कर्नल बर जागेवर उभा राहून बचाव करू शकला असता. एल्फिन्स्टनचा आग्रह पुढे चालून जाण्याचा. तीन हजारांच्या आत माणसं, समोर त्याच्या कितीतरी पट स्वार. पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ तेव्हा तिथे होता. मराठी स्वारांचा लोंढा मैदानात उतरताना पाहून त्याला खंबायतच्या आखातातली भरतीची लाट आठवली. बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होता. पेशव्याचे सेनापती बापू गोखल्यांनी घोडदळ घातलं, पण वाटेत चिखलाचा पट्टा लागला, घोडे अडखळले, आणि इंग्रजांनी नेमक्या त्याच क्षणी गोळ्या चालवल्या. इंग्रजांकडे ८६ माणसं मेली वा जखमी झाली, मराठ्यांकडे पाचशेच्या आसपास.

त्या दिवसाची मला विसरता न येणारी गोष्ट मोर दीक्षितांची आहे. ते बाजीरावाचे मंत्री, आणि दापोडीला पेशव्याची कवायती पलटण सांभाळणारा मेजर फोर्ड त्यांचा दोस्त. लढाई होणार हे दीक्षितांनी फोर्डला आधीच सुचवलं आणि दोघांनी एकमेकांना शब्द दिला, जो जगेल त्याने दुसऱ्याच्या बायकापोरांकडे पाहायचं. फोर्ड आपली पलटण घेऊन इंग्रजांना मिळाला. जरीपटक्याजवळ दीक्षित पडले, ते फोर्डच्याच पलटणीच्या तोफेने.

शनिवारवाड्यावर निशाण त्यानेच चढवलं का?

नाही. १७ नोव्हेंबर १८१७. निशाण बाळाजीपंत नातूंनी चढवलं.

राज्य घेतल्यावर त्याने इथे काय केलं?

११ फेब्रुवारी १८१८ चा साताऱ्याचा जाहीरनामा वाचला की त्याची पद्धत कळते. पेशवा पदच्युत, छत्रपती प्रतापसिंह महाराजांना लहानसं राज्य, बाकी मुलूख कंपनीचा. आणि लगोलग ग्वाही: वतनं, इनामं, देवस्थानं यांना धक्का लागणार नाही. प्रजेने घाबरू नये, ब्राह्मणांनी रुसू नये, सरदारांनी बापू गोखल्यांच्या वाटेने जाऊ नये. पुण्याला रॉबर्टसन, नगरला पॉटिंजर, खानदेशात ब्रिग्ज, साताऱ्याला ग्रँट डफ असे चार कप्तान नेमले आणि त्यांना बजावलं, नवं काही काढू नका, जुनं चालू ठेवा. पाटील, कुलकर्णी, मामलेदार, पंचायती, सगळं. १८१९ च्या त्याच्या अहवालात आहे की आपली गावं म्हणजे लहानशी राज्यंच, वरचं सरकार काढून घेतलं तरी आपापलं चालवतील.

पर्वतीच्या रमण्यात पेशवे श्रावणात दक्षिणा वाटत. तिचा पैसा बंद न करता त्यातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढचं डेक्कन कॉलेज ते हेच. उघडली ६ ऑक्टोबरला, साहेबाच्या वाढदिवशी. योगायोग असेल.

हे सगळं वाचून कोणी विरघळू नये. १८१८ मध्येच पुण्यातल्या गोऱ्यांना मारण्याचा कट पकडला गेला, तेव्हा म्होरक्यांना याच मृदुभाषी माणसाने तोफेच्या तोंडी दिलं. मुंबईचा गव्हर्नर नेपियन म्हणाला, सरकारकडून कायद्याचं संरक्षण मागून घ्या. याचं उत्तर असं सांगतात की चूक केली असेल तर मला शिक्षा व्हावी, बरोबर केलं असेल तर संरक्षण कशाला?

शिक्षणाचं श्रेय त्याला किती द्यायचं?

भरपूर. पण डोळे उघडे ठेवून. १८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. देशी भाषांत शाळा, छापील मराठी पुस्तकं, शिक्षक तयार करणं, यासाठी त्याने सरकारी पैसा काढला, तोही वरून विरोध असताना. ब्रिग्जने सांगितलेला एक प्रसंग आहे. साहेबाच्या तंबूच्या कोपऱ्यात मराठी पुस्तकांचा ढीग दिसला. हे कशासाठी, विचारलं. एतद्देशीयांना शिकवायला, एल्फिन्स्टन म्हणाला, आणि हाच आपला युरोपला परत जाण्याचा राजमार्ग. आपण ज्यांना शिकवतोय ते एक दिवस आपल्याला घरी पाठवतील हे १८२० च्या दशकात उघड बोलणारे इंग्रज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आता दुसरी बाजू. त्याच माणसाने शिक्षणावरच्या टिपणात लिहिलंय की खालच्या जातींची मुलं सगळ्यात चांगली शिकतात असं मिशनऱ्यांना आढळतं, पण त्यांना विशेष उत्तेजन देताना जपून. त्यांच्यात आधी शिक्षण रुजलं तर वरचे लोक त्याला शिवणार नाहीत आणि ते पुढे पसरणारच नाही. मुत्सद्द्याचा हिशेब म्हणून तो अचूक असेल, पण त्याची किंमत कोणी दिली? १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी सरकारला जाब विचारला तो नेमका हाच: कर भरणार शेतकरी आणि शिकणार वरचे.

तो निघाला तेव्हा मुंबईकरांनी दोन लाखांहून जास्त रुपये वर्गणी जमवली, आणि त्यातून एल्फिन्स्टनच्या नावाने प्राध्यापक नेमायचे ठरले. कॉलेज उभं राहिलं ते यातून. तिथे बाळशास्त्री जांभेकरांनी शिकवलं, दादाभाई नौरोजी शिकले आणि शिकवू लागले, न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर घडले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाबासाहेब आंबेडकर तिथेच बी.ए. झाले. टिपणातली ती 'जपून'वाली ओळ आणि हे शेवटचं नाव शेजारी ठेवून पाहा.

लग्न केलं होतं का?

नाही. पुस्तकं, घोडा, रानडुकराची शिकार, आणि बरीच दुखणी. मुंबईत मलबार पॉइंटला समुद्राकाठी बंगली बांधली, तिथे त्याचा जीव रमे.

परत गेल्यावर काय केलं? मोठं पद मिळालं नाही का?

मिळत होतं, घेतलं नाही. गव्हर्नर जनरल व्हा असं दोनदा विचारलं गेलं, त्याने प्रकृतीचं कारण सांगितलं. वाटेत ग्रीस वगैरे फिरून १८२९ मध्ये इंग्लंडला पोचला आणि पुस्तकांत बुडाला. १८४१ मध्ये त्याचा हिंदुस्थानचा इतिहास निघाला.

सल्ला मात्र लोक विचारत. १८३९ मध्ये शहा शुजाला पुन्हा गादीवर बसवायला कंपनीची फौज निघाली. हाच तो, कोहिनूरवाला. एल्फिन्स्टनने लिहून कळवलं: कंदाहार घ्याल, काबूल घ्याल, शुजाला बसवालही. पण त्या गरीब, थंड, दूरच्या, बिकट मुलखात, असल्या दांडग्या लोकांत त्याला टिकवून धरणं मला तरी अशक्य दिसतं. कोणी ऐकलं नाही. आणि जानेवारी १८४२ मध्ये बर्फातून काबूल सोडून निघालेल्या, वाटेत जवळजवळ संपूर्ण कापल्या गेलेल्या फौजेचा सेनापती कोण होता, तर विल्यम एल्फिन्स्टन. ज्या डायरेक्टर चुलत्याने माउंटस्टुअर्टला नोकरीला लावलं, त्याचा मुलगा. तो अफगाणांच्या कैदेतच मेला.

मग शेवटी, माणूस चांगला की वाईट?

मला तो आवडतो, आणि आवडतो याचा थोडा रागही येतो. बाजीरावाला त्याच्या माणसांनी जितकं ओळखलं नाही, तितकं याने ओळखलं. त्याला काय आवडतं, कशाची भीती वाटते, कोणाशिवाय करमत नाही. आपली वतनं, आपली देवळं, आपले रुसवेफुगवे याने मन लावून अभ्यासले. अभ्यास खोटा नव्हता, आस्थाही खोटी नव्हती. त्याच अभ्यासाने राज्य घेतलं आणि त्यानेच ते बिनबोभाट चालवलं. संगमावर दोन वेगळी माणसं राहत नव्हती, एक विद्वान आणि एक कपटी. एकच राहत होता.

त्याचं आज काय पाहता येईल?

२० नोव्हेंबर १८५९ ला तो इंग्लंडात सरे परगण्यातल्या लिम्प्सफील्ड गावी वारला, दफनही तिथेच. लंडनच्या सेंट पॉल्स चर्चमध्ये पुतळा आहे. तिकडे जायचं नसेल तर मुंबईत फोर्टला एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये चॅन्ट्रीने घडवलेला संगमरवरी एल्फिन्स्टन उभा आहे, माल्कमही त्याच इमारतीत. पुण्यात विश्रामबागवाडा आहेच, मोदी गणपतीही. संगमावरची रेसिडेन्सी जळाली ती जळालीच. पुलावर थांबायचं असेल तर सकाळी लवकर जा, नंतर वाहनं उभं राहू देत नाहीत.